साठीनंतर महागाई थांबते का? वित्तीय नियोजनाच्या एका पाठ्यपुस्तकाचे प्रकरण

सांगलीतील एका महाविद्यालयात वित्तीय नियोजनाचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो आणि त्यात निवृत्ती नियोजन व विमा हे दोन विषय मी शिकवतो. वर्गात नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी असतात, तसेच विमा प्रतिनिधी, पतसंस्थांमधील कर्मचारी आणि एखाद-दुसरी शिक्षिकाही असते. बहुतेकांचे शिक्षण मराठीतून झालेले असल्यामुळे अभ्यासक्रमासाठी मराठी पाठ्यपुस्तक नेमलेले आहे. २०२४-२५ या वर्षात त्या पुस्तकावरून जे घडले ते मी येथे सविस्तर मांडत आहे. हे एका पुस्तकाचे प्रकरण असले, तरी पुस्तक निवडणारे, शिकवणारे, प्रश्नपत्रिका काढणारे आणि छापणारे असे सगळेच त्यात गुंतलेले आहेत, आणि त्यात माझाही वाटा आहे.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या कुटुंबाची वित्तीय योजना तयार करायची असते. कवठे महांकाळकडील एका विद्यार्थिनीने यासाठी तिच्या मामांचे कुटुंब निवडले. मामांचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान आहे, वय ४० आहे आणि घरखर्च महिन्याला साधारण २५,००० रुपये आहे. पुस्तकातील सोडवलेले उदाहरणही नेमके ४० वर्षांच्या व्यक्तीचे आणि २५,००० रुपयांच्या खर्चाचे असल्यामुळे तिने तेच पायरीपायरीने उतरवून काढले. महागाई ६ टक्के धरली, तर २० वर्षांनी हाच खर्च महिन्याला ८०,१७८ रुपये होतो, म्हणजे वर्षाला सुमारे ९ लाख ६२ हजार. निवृत्तीनंतर ८० व्या वर्षापर्यंत, म्हणजे २० वर्षे, हा खर्च भागवायचा आणि शिल्लक रकमेवर ८ टक्के परतावा मिळेल असे मानायचे. खर्चाची रक्कम दर वर्षाच्या सुरुवातीला काढली, तर पुस्तकाच्या पद्धतीने ६० व्या वर्षी १ कोटी २ लाख रुपयांचा निधी हाताशी हवा असे उत्तर येते. त्यासाठी पुढील २० वर्षे दर वर्षाच्या अखेरीस सुमारे १ लाख ७८ हजार रुपये, १० टक्के परतावा धरून, बाजूला टाकावे लागतात.

तिने हे मामांना समजावून सांगितले. मामांनी कागद पुढे ओढला आणि विचारले, "अगं, साठाव्या वर्षी ऐंशी हजार लागत्यात म्हणतीस. मग सत्तराव्या वर्षी बी ऐंशीच? साठीनंतर महागाई थांबती का?"

पुढच्या तासाला ती हा प्रश्न घेऊन वर्गात आली. "सर, मामा म्हणतात ते बरोबर वाटतं, पण पुस्तकात उत्तर असंच दिलंय. मी परीक्षेत काय लिहू?"

मी फळ्यावर ते उदाहरण पुन्हा मांडले आणि पहिल्यांदाच त्याकडे नीट पाहिले. पुस्तकाने निवृत्तीपूर्वीची २० वर्षे महागाई मोजली होती आणि निवृत्तीच्या दिवशी ती सोडून दिली होती. मामांच्या प्रश्नाप्रमाणे खर्च निवृत्तीनंतरही दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत राहिला, तर ८ टक्के परताव्यातून महागाई वगळून उरणारा खरा दर १.०८ भागिले १.०६ वजा १, म्हणजे सुमारे १.८९ टक्के इतकाच राहतो. त्या दराने मोजले की लागणारा निधी १ कोटी ६२ लाख रुपये होतो. दोन उत्तरांत ६० लाख रुपयांचे अंतर आहे.

हे अंतर आकड्यात सांगून विद्यार्थ्यांच्या मनात उतरत नाही, म्हणून आम्ही वर्गातच वर्षवार ताळा करून पाहिला. १ कोटी २ लाखांमधून पहिल्या वर्षी ९ लाख ६२ हजार काढायचे, उरलेल्यावर ८ टक्के धरायचे, दुसऱ्या वर्षी १० लाख २० हजार काढायचे, असे एकेक ओळ पुढे नेत गेलो. बाराव्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे वयाच्या ७१ व्या वर्षी, खात्यात सुमारे १२ लाख ७३ हजार रुपये उरले आणि त्या वर्षाचा खर्च १८ लाख २६ हजारांवर गेला. ज्या माणसाला ८० वर्षांपर्यंतची सोय झाली असे पुस्तक सांगते, त्याचे पैसे ७२ वर्षे पुरी होण्याआधीच संपतात. त्या वयात अडत दुकान पुन्हा उघडता येत नाही.

या चुकीचा एक विशेष लक्षात घ्यायला हवा. पुस्तकातील सूत्र बरोबर आहे, आकडेमोड बरोबर आहे, प्रत्येक पायरी मागच्या पानांवरील कोष्टकाशी जुळते. चूक आहे ती सूत्रात कोणता दर घालायचा या निर्णयात. त्यामुळे उदाहरण तपासणाऱ्याला प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करता येते आणि तरीही शेवटचे उत्तर एका कुटुंबाला उघड्यावर टाकते. मी स्वतः सलग दोन वर्षे हेच उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवले होते. हळदीच्या व्यापाऱ्याला एका बैठकीत जे दिसले ते मला दिसले नाही, कारण त्याच्यासमोर स्वतःचे म्हातारपण होते आणि माझ्यासमोर छापील उत्तर होते. आधीच्या दोन तुकड्यांतील जे विद्यार्थी आता लोकांना सल्ला देत आहेत, त्यांच्यापैकी ज्यांचे संपर्क माझ्याकडे होते त्यांना मी दुरुस्तीचे टिपण पाठवले. सर्वांपर्यंत पोहोचता आले नाही याची बोच अजून आहे.

पुस्तकाची तपासणी

त्यानंतर आम्ही तीन शिक्षकांनी मिळून संपूर्ण पुस्तक तपासायला घेतले. सुरुवातीला आमची समजूत अशी होती की खरा दोष शिळेपणाचा असणार, कारण तो पानोपानी दिसत होता. मुखपृष्ठावर सुधारित आवृत्ती म्हणून २०२३ हे वर्ष होते, परंतु आतील प्रत्येक प्रकरणाचे वय वेगळे निघाले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा व्याजदर ८.७ टक्के दिला होता, जो २०१३ ते २०१६ या काळातला आहे आणि एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. लाभांश गुंतवणूकदाराच्या हातात करमुक्त असतो असे लिहिले होते, ते १ एप्रिल २०२० पासून खरे राहिलेले नाही. बँक ठेवींचा विमा १ लाख रुपयांपर्यंत असल्याचे छापले होते, तर ४ फेब्रुवारी २०२० पासून ती मर्यादा ५ लाख रुपये आहे. समभागांवरील दीर्घकालीन नफा पूर्ण करमुक्त दाखवला होता, जो २०१८ च्या अर्थसंकल्पाने करपात्र केला आणि २३ जुलै २०२४ पासून १ लाख २५ हजारांपुढील नफ्यावर १२.५ टक्के दराने आकारला जातो. म्युच्युअल फंडांचे प्रकार सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०१७ मध्ये नव्याने ठरवून दिले, पण पुस्तकात त्याआधीची नावे आणि व्याख्या तशाच होत्या. परिच्छेद वाचून तो कोणत्या वर्षी लिहिला गेला हे सांगता यावे, अशी ती अवस्था होती.

शिळेपणा वाईट आहेच, पण तो सापडतो. वर्गातील एखादा विमा प्रतिनिधी किंवा बँक कर्मचारी हात वर करून सांगतो की हा दर आता वेगळा आहे, आणि शिक्षक पुस्तकात पेन्सिलने दुरुस्ती करायला लावतो. ज्या विधानांना जुने होण्याचा प्रश्नच येत नाही, त्यांतील चुका मात्र वर्षानुवर्षे तशाच राहतात. सहकारी बँका आणि पतसंस्था यांतील ठेवी विम्याने संरक्षित असतात, असे एक वाक्य पुस्तकात होते. सहकारी बँकांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पतसंस्थांच्या बाबतीत ते कधीच बरोबर नव्हते, कारण ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकांना असते आणि सहकारी पतसंस्था त्यात येत नाहीत. सांगली जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत, मुलीच्या लग्नासाठी आणि शेतीच्या पुढच्या हंगामासाठीचे पैसे लोक तिथे ठेवतात, आणि आपल्या ठेवीमागे नेमके काय उभे आहे हे माहीत नसण्याची किंमत काय असते, हे इथल्या कितीतरी घरांनी भोगलेले आहे. हे वाक्य वाचून बाहेर पडणारा सल्लागार एखाद्या विधवेला तिची सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवायला सांगू शकतो, आणि तेही पुस्तकाच्या आधाराने.

भाषेचे दोषही या दुसऱ्या जातीचे निघाले. इंग्रजी पुस्तकातून मजकूर मराठीत आणताना 'सिक्युरिटी' या शब्दासाठी काही ठिकाणी 'रोखे' आणि काही ठिकाणी 'सुरक्षा' असा शब्द वापरला होता. एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले की सरकारी सुरक्षेत गुंतवलेल्या पैशाचे मूल्य कधीच कमी होत नाही. त्याने शब्दाचा अर्थ घेतला तो मराठीप्रमाणे बरोबरच होता. प्रत्यक्षात व्याजदर वाढले की आधी काढलेल्या सरकारी रोख्यांची बाजारातील किंमत उतरते आणि त्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडाचे मूल्यही उतरते, परतफेडीची हमी सरकारची असली तरीही. विम्याच्या प्रकरणात 'इन्शुरेबल इंटरेस्ट' म्हणजे विमायोग्य हितसंबंध या मूलभूत तत्त्वाचे भाषांतर 'विमायोग्य व्याज' असे केले होते. ज्याच्या मरणाने आपले आर्थिक नुकसान होणार आहे, त्याचाच विमा आपण उतरवू शकतो, हा त्या तत्त्वाचा गाभा आहे आणि तो त्या एका शब्दामुळे पुस्तकातून पूर्ण नाहीसा झाला होता. वर्गातील विमा प्रतिनिधींना योग्य शब्द माहीत होता, पण इतरांनी पाठ केले ते 'व्याज'.

आणखी एक उणीव आहे, जिला चूक म्हणता येणार नाही, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. पुस्तकातील प्रत्येक उदाहरण मोठ्या शहरातील मासिक पगारदाराचे आहे. आमच्या विद्यार्थ्यांपुढे येणारी कुटुंबे तासगावच्या द्राक्ष बागायतदाराची असतात, ऊस उत्पादकाची असतात, विट्याहून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यात गेलेल्या आणि गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाची असतात. आणीबाणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा, हा नियम पगार सुटल्यावर सहा महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल या हिशेबावर उभा आहे. द्राक्षबागेत ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला आणि घड कुजले, तर पुढचा पैसा वर्ष उलटल्यानंतर येतो, आणि मधल्या काळात औषधांचा व मजुरीचा खर्च चालूच राहतो. त्याच्यासाठी सहा महिन्यांची तरतूद अपुरी आहे, किमान एका हंगामाची हवी. तसेच पुस्तकातील नियोजनाची पहिली पायरी करबचत ही आहे. शेती उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे केवळ शेतीवर जगणाऱ्या घराला कलम ८० सी च्या, म्हणजे विम्यासारख्या ठराविक गुंतवणुकींवर करपात्र उत्पन्नातून मिळणाऱ्या, वजावटीचा उपयोग नसतो, आणि त्या वजावटीच्या आशेने विकलेली पॉलिसी त्याच्या गळ्यात विनाकारण पडते.

पुस्तक नेमले कसे गेले

ते कोणी नेमले याचा शोध घेतला, तेव्हा कुणाचीही वाईट बुद्धी आढळली नाही. मराठीत या विषयावर पुस्तके मोजकी आहेत. या पुस्तकाची अनुक्रमणिका अभ्यासक्रमाच्या घटकांशी शब्दशः जुळत होती, किंमत परवडणारी होती, विक्रेता वर्ष सुरू होण्याआधी हव्या तितक्या प्रती आणून देत होता. निवड समितीने अनुक्रमणिका पाहिली, आतील उदाहरणे कोणी सोडवून पाहिली नव्हती. एकदा पुस्तक नेमले गेल्यावर प्रश्नपत्रिका काढणारेही त्याच्यावरच विसंबले, आणि मग पुस्तक बदलणे म्हणजे विद्यार्थ्यांचे गुण धोक्यात घालणे असा त्याचा अर्थ होऊ लागला.

विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न याच गाठीवर बोट ठेवणारा होता. परीक्षेत तिने १ कोटी ६२ लाख लिहिले आणि तपासणाऱ्यापुढे पुस्तकातील १ कोटी २ लाखांचे नमुना उत्तर असले, तर तिचे गुण जाणार होते. परीक्षेला दोन महिने होते. तिला मी काय सांगावे, यावर आम्हा शिक्षकांत बराच वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की परीक्षेत पुस्तकातले उत्तर लिहू द्यावे आणि बरोबर पद्धत वर्गात वेगळी शिकवावी. नवख्यांसाठीच्या पुस्तकात काही गोष्टी सोप्या करून मांडलेल्या असतात, मराठी पुस्तकांचा खप कमी, लेखकाला मिळणारे मानधन तुटपुंजे, दर अर्थसंकल्पानंतर नवी आवृत्ती काढणे प्रकाशकाला परवडत नाही, आणि हे पुस्तक काढून टाकले तर विद्यार्थ्यांच्या हातात इंग्रजीखेरीज काही राहणार नाही, असेही त्यांनी सांगितले.

यातील दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. दर जुने झाले म्हणून मी कोणत्याही मराठी लेखकाला दोष देणार नाही. पण निवृत्तीनंतरची महागाई गाळणे याला सोपे करणे म्हणता येत नाही. सोपे करायचे तर महागाई आणि परतावा दोन्ही समान धरावेत, मग विद्यार्थ्याला वार्षिक खर्च गुणिले वर्षे इतकेच करावे लागेल. आमच्या उदाहरणात ते १ कोटी ९२ लाख येते, म्हणजे चूक झाली तरी ती माणसाच्या बाजूने होते. आणि परीक्षेसाठी एक व व्यवहारासाठी दुसरे असे शिकवले, तर सवय परीक्षेतल्या उत्तराची लागते, कारण वर्षभर तेच घोटलेले असते.

काय केले

आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले की उत्तराच्या आरंभी गृहीतके लिहा, निवृत्तीनंतरची महागाई धरली आहे की नाही हे स्पष्ट लिहा, आणि शेवटी ताळ्याचे दोन-तीन टप्पे दाखवा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला तपशीलवार पत्र दिले आणि त्यासोबत वर्षवार कोष्टक जोडले. गृहीतके नमूद करून सोडवलेले दुसरे उत्तरही ग्राह्य धरावे, अशी सूचना परीक्षकांना गेली. नमुना उत्तर बदलले नाही. त्यामुळे १ कोटी २ लाख लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळाले, आणि ही गोष्ट मला पटलेली नाही.

पुस्तकाला जोड म्हणून आम्ही एक पुरवणी तयार केली. तिच्यात दर, मर्यादा आणि कराचे नियम यांच्यापुढे तो आकडा कोणत्या तारखेला तपासला हे लिहिलेले असते, आणि दर सत्राच्या आरंभी ती तपासणी विद्यार्थ्यांनीच रिझर्व्ह बँक, सेबी, टपाल खाते व आयकर विभाग यांच्या संकेतस्थळांवरून करायची असते. ही कल्पना आमची नाही. सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या परीक्षांसाठीच्या कार्यपुस्तिकांवर आवृत्तीचा महिना व वर्ष छापलेले असते, आणि तेवढ्या एका ओळीमुळे वाचणारा सावध राहतो. या पुरवणीची गरज आता अधिकच वाढली आहे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होणारा पर्याय झाली आणि तिच्यात ८० सी ची वजावट नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि कलमांचे क्रमांकच बदलले. ज्या पुस्तकांनी करनियोजन कलमांच्या आकड्यांवर शिकवले, त्यांची ती प्रकरणे एका दिवसात निरुपयोगी झाली.

सोडवलेल्या उदाहरणांसाठी आम्ही एकच नियम घातला: ताळा केल्याशिवाय कोणतेही उदाहरण फळ्यावर जाणार नाही. निधी शेवटच्या वर्षाच्या अखेरीस शून्यावर येतो का, हे वर्षवार मांडून पाहायचे. कर्जाच्या हप्त्याचे उदाहरण असेल तर शेवटच्या हप्त्यानंतर मुद्दल संपते का, हे पाहायचे. वहीच्या शेवटच्या पानावर ताळा करण्याची सवय आपल्या शाळांनी आपल्याला लावलेली होती, ती पदवीच्या पातळीवर कशी सुटली हे मला कळत नाही.

प्रकाशकालाही आम्ही लिहिले होते. पुढील आवृत्तीत विचार करू, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि २०२५ च्या जूनमध्ये नवी आवृत्ती हाती पडली. त्यांनी परिश्रम घेतले होते. दीर्घकालीन नफ्यावरील कर १२.५ टक्के झाला होता, ठेव विमा ५ लाख झाला होता, फंडांचे नवे प्रकार आले होते, 'विमायोग्य हितसंबंध' हा शब्दही आला होता. पतसंस्थांविषयीचे वाक्य मात्र होते तसेच होते, फक्त त्यातील १ लाखाचे ५ लाख झाले होते. आणि निवृत्ती नियोजनाच्या प्रकरणात ४० वर्षांचा तोच पगारदार, तोच २५,००० रुपयांचा खर्च आणि तेच १ कोटी २ लाखांचे उत्तर होते. आम्ही आता दुसरे पत्र पाठवले आहे, त्यात या वेळी फक्त या दोन जागा लिहिल्या आहेत.

विद्यार्थिनीच्या मामांची योजना वर्ष संपण्याआधी पूर्ण झाली. बरोबर हिशेबाने ६० व्या वर्षी थांबायचे तर दरवर्षी सुमारे २ लाख ८३ हजार रुपये बाजूला टाकावे लागतात, हे तिने त्यांना सांगितले, आणि हळदीच्या धंद्यातून दरवर्षी इतकी रक्कम निघणार नाही हे त्यांनी स्पष्ट केले. मग तिने निवृत्तीचे वय ६५ धरून पुन्हा मांडणी केली. निधी १ कोटी ७० लाखांचा लागत होता, पण जमवायला २५ वर्षे मिळत होती आणि खर्चाची वर्षे १५ च उरत होती, त्यामुळे वार्षिक बचत सुमारे १ लाख ७३ हजारांवर आली, पुस्तकाने सांगितलेल्या १ लाख ७८ हजारांहूनही थोडी कमी. म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांत त्यांचे म्हातारपण खरोखर सुरक्षित होऊ शकत होते, फक्त पाच वर्षे जास्त दुकानात बसण्याची तयारी हवी होती, आणि हा पर्याय समोर असल्याचे पुस्तकातील उत्तराने त्यांना कळूच दिले नसते. मामा म्हणाले, "दुकान काय साठीला सुटतंय व्हय? पासष्ट लिही." तिने ६५ लिहिले, वर्षवार ताळ्याचे पान योजनेला जोडले आणि खाली हिशेब तपासल्याची तारीख घातली.